उजवीकडे दोन ठोके

११ फेब्रुवारी

हरकत,

कॉलेजातलं नाव वापरतोय, राग मानू नकोस. सरांचं वाक्य संपायच्या आत तुझा हात वर जायचा, म्हणून पडलेलं नाव. खरं नाव लिहायला घेतलं की पेन थांबतं. फोनमधून तू मला काढून टाकलंस, त्याला इतका काळ लोटलाय की आता त्याचंही काही वाटत नाही. म्हणून कागद.

बातमी तू ताईला कळवलीस. मला ताईने सांगितली. लाँच पलीकडच्या धक्क्याला लागत होती. मी दोर बांधून वर आलो तर ताई तिकिटाच्या खिडकीत फोन धरून बसलेली आणि समोर माणसं खोळंबलेली. म्हणाली, "समितीने आपल्या बाजूने निकाल दिला." मी म्हटलं, "बरं." मग तिने पुढच्या माणसाला तिकीट दिलं.

एवढंच झालं. तुला वाटलं असेल आम्ही नाचलो असू.

तू लिहिलेल्या तिच्या तक्रारीवरचा निकाल दुपारी तिने मला वाचायला दिला. अर्धवट का होईना, कायदा शिकलोय, तेव्हा सगळा वाचला. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर आपल्या सरकारची सही आहे, आणि सही केल्यावर "बायकांच्या भल्यासाठीच" असं म्हणत त्यांना कामाबाहेर ठेवता येत नाही, असा त्याचा सारांश. सरकारचं म्हणणंही आत दिलंय. इंजिनाचा आवाज आणि हादरे स्त्रीच्या शरीराला, विशेषतः मातृत्वाला, घातक. सबब लाँच वळवायच्या चाकावर बाई नको. इथे ताई हसली. तिची तिकिटाची खिडकी इंजिनाच्या बरोब्बर डोक्यावर आहे. चाकाची केबिन वर, काचेच्या आत. तिथे निम्मासुद्धा आवाज पोचत नाही. तिकिटं विकताना मातृत्वाला काही होत नसावं.

शेवटाकडे एक वाक्य आहे. काम धोक्याचं असेल तर ते सगळ्यांसाठीच सुरक्षित करा, बायकांना बाहेर ठेवणं हा उपाय नव्हे. सही समितीची असली तरी वाक्य तुझं आहे. कॅन्टीनच्या टेबलावर हात आपटून तू ते मला ऐकवलं होतंस, माझा चहा सांडला होता.

त्या वाक्यावर ताई बोट ठेवून बराच वेळ बसली होती. मी विचारलं नाही.

अण्णांना घरी गेल्यावर सांगितलं. ताईने समोर उभं राहून, ओठ दिसतील असं, सावकाश सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे आता चाक तुझं?" ते इतक्या जोरात म्हणाले की भिंतीपलीकडून शेजारणीने "काय झालं हो?" असं विचारलं.

तुझं बरं चाललं असेल.


३० जून

हरकत,

तुझं पत्र ताईला आलं. पाकिटावर माझं नाव आहे का, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं. आतही पाहिलं. "घरी सगळ्यांना नमस्कार" यात मी धरला जातो असं ताईचं मत आहे.

इकडे काही हललेलं नाही. ताई चालकाच्या लेखी परीक्षेत पहिली आली होती, ते प्रमाणपत्र आणि निकाल दोन्ही घेऊन ती छत्रीसाहेबांकडे गेली, मी सोबत. आमचे व्यवस्थापक; उन्हातान्हात, घरात, लाँचवर, कायम काखेत छत्री. ते म्हणाले, "ती समिती तिकडे आणि नदी इकडे, ताई. मला सरकारचा कागद लागेल." ताई उठली. मीही उठलो, पण उठताना त्यांची छत्री घेतली आणि खिडकीतून नदीत टाकली. ती उघडली आणि बराच वेळ तरंगत गेली. काही प्रवासी टाळ्या वाजवत होते.

तेव्हापासून मला वरून काढून इंजिनखोलीत घातलंय. शिक्षा म्हणून. दोर बांधायचं काम होतं तेव्हा वारा लागायचा. इथे खाली आवाजाखेरीज काही नाही. कामावरून सुटल्यावर तासभर माणसं लांबून बोलल्यासारखी वाटतात. अण्णांनी तरुणपणाची सगळी वर्षं इथे काढली आणि मग ते वर चाकावर गेले. त्यांचे कान खालीच राहिले.

तुला हे ठाऊक आहे. तक्रारीची तयारी करायला तू लाँचवर यायचीस, तेव्हा एका सकाळी धुक्यात तू पाहिलंस. अण्णा चाकावर, ताई मागे उभी. ताईची बोटं अण्णांच्या खांद्यावर. डावीकडून भोंगा आला की एक ठोका, उजवीकडून आला की दोन, आणि सगळं सामसूम असलं की पाठीवर सपाट तळहात: रस्ता मोकळा, चला. धुकं नसेल तर अण्णांची नजर पुरते, त्यांच्यासारखी नजर या नदीवर कुणाची नाही. धुक्यात मात्र लाँच ताईच्या कानांनी चालते. बाकीचे समजायचे, बापाला डबा द्यायला मुलगी वर जाते.

तुला वाटलं, हाच सगळ्यात मोठा पुरावा. जिला चाक देत नाहीत ती रोज चाक चालवतेय. ताई म्हणाली, हे लिहिलंस तर अण्णा उद्याच घरी बसतील. तू म्हणालीस, "आणि प्रवासी?" मग धक्क्यावर मी जे बोललो ते तू विसरली नसशील, धक्क्यावरची माणसंसुद्धा विसरलेली नाहीत. तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही.

तू ते तक्रारीत घातलं नाहीस. ताईला दिलेला शब्द पाळलास. मग तुला तिकडची नोकरी लागली आणि मी "जा" म्हटलं. "जा" एवढंच म्हटलं होतं, असं मी सगळ्यांना सांगतो.

कॉलेज मी घरच्या अडचणीमुळे सोडलं, हेही सगळ्यांना सांगतो. तुझ्या रिकाम्या बाकाचा त्याच्याशी संबंध नाही.


१९ ऑक्टोबर

हरकत,

सरकारचा कागद आला. लाँचवरच्या कामातून बायकांना वगळणारं कलम काढून टाकलं. छत्रीसाहेबांनी नोटीस फळ्यावर लावली, नवी छत्री काखेत होती. ताईने नोटीस वाचली आणि आपल्या खिडकीत जाऊन बसली. मी आत वाकून म्हटलं, "अगं, अर्ज कधी देतेस?" ती म्हणाली, "खालचं वाच."

खाली नवं कलम होतं. यापुढे लाँचवर काम करणाऱ्या सगळ्यांची, स्त्री असो वा पुरुष, कानांची तपासणी. चाकावरच्या माणसाची तर आधी. आणि इंजिनखोलीत कान झाकल्याशिवाय कुणी उतरायचं नाही.

सगळ्यांसाठी सुरक्षित करा. तुझंच वाक्य, हरकत. सरकारने या वेळी ऐकलं.

मला वाटलं, आता मला राग येईल. वाट पाहिली. धक्क्यावरच्या खांबाला लाथही मारून पाहिली. पायाला लागलं, बाकी काही नाही.

दोन दिवसांनी ताई घरी म्हणाली की ती अर्ज करणार नाही. कंपनीला चालकबाई मिळाली नाही की सगळं आपोआप थंड होईल, तपासणीही पुढे ढकलत राहतील, अण्णांची निवृत्ती काही लांब नाही. तिने सगळा हिशोब मांडला होता. मला तो पटला. तुझ्यावर सूड उगवल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

हे बोलणं आम्ही अण्णांच्या पाठीमागे, त्यांच्याच खोलीत करत होतो. आमच्या घरात गुप्त बोलायला दुसऱ्या खोलीत जावं लागत नाही. पण अण्णा आरशासमोर दाढी करत होते, आणि आरशात ताईचे ओठ दिसत होते. हे आमच्या दोघांच्या लक्षात आलं नाही.

त्यांनी चेहरा पुसला, वळले आणि हळू आवाजात बोलले. अण्णा हळू बोलू शकतात हे मी विसरलो होतो.

"माझ्यासाठी खिडकीत बसणार?"

ताई म्हणाली, "आत्ताच कुठे घाई आहे, अण्णा."

"पोरी, मी रोज चाकावर उभा राहतो आणि मला भीती वाटते. तुझं बोट खांद्यावरून जरा उचललं तरी वाटते. तू शिंकलीस तर काय, असं वाटतं. एवढी माणसं खाली बसलेली असतात."

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत." ते माझ्याकडे पाहत नव्हते, त्यामुळे त्यांना कळलं नाही. पुन्हा म्हणायचा मला धीर झाला नाही.

"आणि प्रवासी?" असं तू विचारलं होतंस. तेव्हा तुझ्या बाजूने घरात एक माणूस होता, एवढं कळवतो.

ताईने अर्ज दिला.


२ डिसेंबर

हरकत,

कानांची तपासणी काल झाली. अण्णांसोबत मी गेलो.

सरकारी इमारत, लांबच लांब व्हरांडा, बाकावर लाँचवाले ओळीने बसलेले. एरवी नदीवर एकमेकांना शिव्या घालणारे सगळे शाळेत आल्यासारखे गप्प. त्यात निम्म्यांना नाव पुकारलेलं ऐकू येत नव्हतं. तपासणीची बाई दारात येऊन नाव घ्यायची आणि कुणीच उठायचं नाही. मग ज्याला ऐकू जाई तो शेजाऱ्याला कोपराने ढोसायचा. बाई मला म्हणाली, "इतकी वर्षं कुणी पाठवलं कसं नाही यांना?" मी म्हटलं, "हे पुरुष आहेत, बाई. यांना आवाजाने काही होत नाही असा कायदा होता." ती हसली नाही. मीही विनोद केला नव्हता.

आत काचेची पेटी आहे, माणूस मावेल एवढी. त्यात बसायचं, कानांवर यंत्र लावायचं, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. बाई बाहेर बसून यंत्राची कळ फिरवते. मी ठरवून गेलो होतो. अण्णांना सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरज नव्हती. बाईच्या मागे, काचेसमोर उभा राहिलो. तिने कळ फिरवली की मी भुवई उडवणार, अण्णा माझ्याकडे पाहून बटण दाबणार. आमच्या घराण्याचा धंदाच आहे तो. फक्त माणूस बदलला होता.

पहिल्या वेळी मी भुवई उडवली. अण्णांनी ती पाहिली. त्यांनी पाहिली हे मी पाहिलं.

मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाई कळ फिरवत राहिली. अण्णा पेटीत मांडीवर हात ठेवून बसले होते, डोळे मिटलेले, अंगठा बटणावर. तो हलला नाही. शेवटी शेवटी, बाईने आवाज बराच चढवला असावा, तेव्हा कुठे दाबला. ती वळून माझ्याकडे पाहू लागली, तेव्हा माझी भुवई अजून वरच होती.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "बरी आहे ती पेटी. बऱ्याच दिवसांनी निवांत बसलो."

मग आम्ही चालत घरी आलो. रस्ता ओलांडताना मी त्यांचा दंड धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला.

अण्णांचं चाक काढून घेतल्याचा कागद हातोहात मिळाला. कानांचं कारण लिहिलंय: वयोमान. इंजिनाचा शब्द त्यात नाही. मातृत्वाला घातक आवाज पितृत्वाला लागत नसावा.


८ जानेवारी

हरकत,

आज ताईची चाकावरची परीक्षा झाली. सगळं क्रमाने लिहितो, कारण ताई तुला फक्त निकाल कळवेल.

सकाळी धुकं होतं. परीक्षकाने पुढची तारीख देऊ केली. ताई म्हणाली, "धुक्यात चालवता येत नसेल तर परीक्षा कशाला?" छत्रीसाहेबांना हे आवडलं नाही, पण परीक्षकाला आवडलं असावं. त्याने कॉलर वर केली आणि म्हणाला, चला.

केबिनमध्ये ताई चाकावर. तिच्या बाजूला परीक्षक. इंजिनखोलीला निरोप पोचवायला दारात मी. अण्णांना आत यायचा हक्क उरला नव्हता, ते प्रवासी म्हणून तिकीट काढून आले होते. पण कुणी काही म्हणायच्या आत ते वर चढून ताईच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथेच, जिथे इतकी वर्षं ताई उभी राहायची. परीक्षकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वडील आहेत." तो म्हणाला, "बोलू नका म्हणावं." ते मी अण्णांना सांगितलं नाही.

नदीच्या मध्यावर सगळं पांढरं झालं. पुढचा कठडासुद्धा दिसेना. ताईने वेग कमी करायला सांगितला, मी खाली ओरडलो.

आणि भोंगा आला. जवळून, उजवीकडून. रेती वाहणाऱ्या बार्जचा जाड भोंगा, तुला तो आठवेल, तू घाबरून माझी बाही पकडली होतीस.

ताईने ऐकला. ऐकल्याबरोबर तिची बोटं हलली. चाकाच्या कडेवर तिने दोन ठोके दिले. उजवीकडे. नीट, स्पष्ट, रोजच्यासारखे.

आणि ती थांबली. लाँच वळायची वाट पाहत थांबली.

मला पहिल्यांदा कळलंच नाही काय होतंय. मग कळलं. तिचं काम तिने केलं होतं. ऐकायचं आणि कळवायचं. वळवायचं काम नेहमी दुसऱ्याचं असतं. चाक तिच्याच हातात आहे हे तिच्या हातांना ठाऊक नव्हतं. परीक्षक काचेला नाक लावून बाहेर पाहत होता.

अण्णांनी भोंगा ऐकलेला नव्हता. त्यांनी तिची बोटं पाहिली. हात पुढे झाला, मला वाटलं चाकच धरतात, आणि ते धरतील तर सगळं संपलं. त्यांनी चाकाला हात लावला नाही. ताईच्या खांद्यावर बोटं ठेवली आणि दोन ठोके दिले.

ताईने चाक फिरवलं.

बार्ज उजवीकडून गेलं. धुक्यातून भिंत गेल्यासारखं, वर एक माणूस उभा होता, तो आमच्याकडे अगदी सहज बघत गेला. आमची लाँच थोडी हिंदकळली. खाली एक लहान मूल रडलं आणि थांबलं.

मग अण्णांनी ताईच्या पाठीवर तळहात सपाट ठेवला. दुसरा भोंगा असता तर त्यांना ऐकू आला नसता, पण त्यांनी ठेवला. ताईने ऐकलं, थोडं आणखी ऐकलं, आणि लाँच पुढे काढली.

परीक्षकाने वळून विचारलं, "काय चाललंय मागे?"

ताई समोर बघत म्हणाली, "काही नाही. ते उतारू आहेत."

ती पास झाली.

धक्क्यावर उतरल्यावर मी तिला विचारलं, बरं वाटतंय का. ती म्हणाली, "हातांना कळायला वेळ लागेल." हे दुपारपर्यंत तिने तीनदा म्हटलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.


२७ फेब्रुवारी

हरकत,

तुझं दुसरं पत्रही ताईलाच आलं. यातही नमस्कार सगळ्यांना आहे. मी धरलो आहे.

ताई आता चाकावर असते. सुरुवातीला काही जण तिला वर पाहून उतरायचे आणि पुढच्या लाँचची वाट बघायचे. आता नाही उतरत. त्यांना कामावर जायला उशीर होतो, समानतेपेक्षा ते कारण जास्त लागू पडतं असं माझं मत झालंय. तुला आवडणार नाही. हात वर करून हरकत घे.

अण्णा तिकिटाच्या खिडकीत बसतात. ताईने छत्रीसाहेबांकडे स्वतः जाऊन ते ठरवून आणलं. माणसं किती, ते बोटांनी दाखवतात, अण्णा तिकिटं फाडून देतात. एका बाईने परवा दोन बोटं दाखवली तर अण्णांनी उजवीकडे पाहिलं. मग स्वतःच हसले.

मला इंजिनखोलीत कानांवरची टोपणं मिळाली आहेत. जाड, काळी. ती घातली की इंजिन फक्त पायांतून कळतं. मला बरं वाटतं त्यात. वरून ताईचा निरोप आला की कुणीतरी येऊन माझ्या खांद्यावर थोपटतं. ही टोपणं तुझ्या वाक्यामुळे आहेत, हे इथे कुणालाच माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. आवाज घातक आहे असं सरकारने आता सगळ्यांसाठी लिहून दिलंय, तर आधी ज्यांचे कान गेले त्यांच्यासाठी त्या करारात किंवा दुसऱ्या कुठल्या करारात काही बसतं का, ते बघून ताईला कळव. मला नको कळवूस. ताईला कळव. त्या दिवशी बाकावर बसलेले सगळे विचारतात.

पत्र इथेच संपवणार होतो. पण मी लिहितोय हे अण्णांनी पाहिलं आणि कुणाला, असं विचारलं. मी कागदावर बोट ठेवून तुझं नाव दाखवलं. हरकत नव्हे, खरं. वरच्या कोपऱ्यात बारीक लिहून ठेवलं होतं, नंतर खोडायचं म्हणून.

मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. तुझ्यामुळे त्यांचं चाक गेलं, हे त्यांना पक्कं माहीत आहे. निकालातलं ते वाक्य ताईने त्यांना वाचायला दिलं होतं, आणि ते कुणाचं आहे हे मी सांगितलं होतं, जरा जास्तच मोठ्याने.

ते म्हणाले, "माझा निरोप लिही तिला."

मी पेन घेऊन थांबलो. ते माझ्या मागे आले आणि पाठीवर तळहात ठेवला. सपाट, सगळी बोटं टेकलेली. तसाच ठेवून उभे राहिले.

म्हणाले, "हे लिही."

मी लिहिलंय. नाव खोडलेलं नाही.